पुण्य कुणाच्या खात्यावर?

गोंदिया शहरात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आहे आणि नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालयही आहे. एक आडनाव मराठी मुलखातलं, दुसरं गुजराती. दोन्ही महाविद्यालयं गोंदिया शिक्षण संस्थेची. ही संस्था १९५८ मध्ये मनोहरभाई पटेलांनी उभी केली. ते गुजरातेतून तरुणपणी इथं आले, बिडीच्या धंद्यात शिरले आणि पुढे गोंदियाचे आमदार झाले. दरवर्षी ९ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीदिवशी, गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदकं दिली जातात. जंगल आणि धानाच्या या पट्ट्यात बिडी वळणाऱ्यांची मुलं कॉलेजची पायरी चढली, त्यात अशा संस्थांचा वाटा मोठा आहे, हे कुणी नाकारत नाही.

तरीही एक जुना प्रश्न उरतो, आणि तो कुणा एका दात्यापुरता नाही. ज्या धंद्यात हजार बिड्यांमागे मजुरी ठरते आणि ती वर्षानुवर्षं जेमतेम पोट भरेल एवढीच राहते, त्या धंद्यातल्या नफ्यातून शाळा, धर्मशाळा, दवाखाना उभा राहिला, तर पुण्य कुणाच्या खात्यावर जमा करायचं? देणाऱ्याच्या, की ज्याच्या बोटांतून तो पैसा निघाला त्याच्या? धर्मशास्त्रांना हा प्रश्न ठाऊक होता. कारखानदारीने त्याला नवी धार दिली.

रेल्वे येण्याआधी गोंदिया हे एक साधं खेडं होतं. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडच्या भातपट्ट्याकडे रूळ गेले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग ताब्यात घेतला, रुंद केला आणि कलकत्त्याच्या दिशेने वाढवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे आणि चांद्याकडे अरुंद रुळांचे फाटे निघाले, आणि खेड्याचं जंक्शन झालं. धान गिरणीत येऊ लागलं, जंगलातली लाख कारखान्यात येऊ लागली. आणि तेंदूचं पान.

बिडीच्या धंद्याची एक कथा मध्य प्रांतात नेहमी सांगितली जाते. १८९९ च्या भीषण दुष्काळात, गुजरातेत ज्याला छप्पनिया म्हणतात त्या काळात, अनेक कुटुंबं पोटासाठी बाहेर पडली. त्यांतले मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल रेल्वेच्या ठेकेदारीच्या कामावर बिलासपूरकडे आले. तंबाखू गुंडाळायला इथलं तेंदूचं पान फार चांगलं, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि १९०२ च्या सुमारास जबलपुरात त्यांनी बिडीचा व्यवसाय थाटला. पुढे स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेटवर बहिष्कार पडला आणि बिडीचे दिवस फिरले. भंडारा-गोंदियात या धंद्याला लागणारं सगळंच हाताशी होतं. जंगलात पान होतं, स्टेशनात मालगाडी होती, आणि धानाचं एकच पीक घेतल्यावर पुढचे महिने रिकामे बसणारे लाखो हात होते.

या धंद्याचे मालक स्वतः दुष्काळाने हाकललेल्या माणसांमधून आलेले होते, ही गोष्ट विसरू नये. ‘बाहेरचा शेठ आणि इथला मजूर’ अशी सरळ रेघ मारणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते. या जिल्ह्यात इथला कोण, हेच ठरवणं कठीण आहे. पोवार स्वतःला माळव्यातून आलेले सांगतात. तलाव खोदण्यात ज्यांचा हात कुणी धरत नाही ते कोहळी आपलं मूळ काशीकडे नेतात. नवेगावबांध हे त्यांच्याच कसबाचं काम. फाळणीनंतर सिंधी आले आणि बाजारपेठेत स्थिरावले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं आहेत, आणि तिथेच १९७२ मध्ये वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. सगळ्यांच्या आधीचे गोंड. त्यांची माघ पौर्णिमेची जत्रा सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेपाशी भरते. तिथली कथाही कोंडलेल्या लेकरांची आहे. गुहेत अडकलेल्या त्या मुलांना पारी कुपार लिंगोने सोडवलं आणि जंगो रायताडने त्यांचा सांभाळ केला, असं गोंडी परंपरा मानते. ज्यांना कुणी नाही त्यांना आसरा देणं हीच जंगोच्या थोरवीची खूण.

म्हणजे आसऱ्याला या भूमीत नेहमीच किंमत होती. पण आसरा आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दानाबद्दल भारतीय परंपरा काय सांगते, याचं उत्तर लोक सहसा गीतेच्या सतराव्या अध्यायातून देतात. परतफेडीची आशा न धरता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं दान सात्त्विक. यात देणाऱ्याचं मन तपासलं आहे, त्याची वही तपासलेली नाही. वही तपासणारी कथा महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात आहे. युधिष्ठिराचा यज्ञ संपतो, दानाचे ढीग वाटले जातात, आणि अर्धं अंग सोन्याचं असलेला एक मुंगूस येऊन सर्वांसमोर सांगतो की हा यज्ञ एका गरिबाच्या शेरभर सातूच्या पिठाचीही बरोबरी करत नाही. दुष्काळात, शेतात सांडलेले दाणे वेचून जगणाऱ्या त्या कुटुंबाने ते पीठ पाहुण्याला दिलं होतं. त्यात लोळल्यावर मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं. युधिष्ठिराच्या यज्ञात लोळून उरलेलं अर्धं काही झालं नाही. कथेचं टोक दानाच्या आकारावर नाही. ते दाणे कसे मिळवले, यावर आहे.

जैन आचार्य हेमचंद्रांनी तर ही अट अगदी दारातच ठेवली. योगशास्त्रात गृहस्थाच्या पस्तीस गुणांची यादी ते देतात आणि तिची सुरुवात न्यायाने मिळवलेल्या संपत्तीपासून करतात. दया, दान, देवपूजा सगळं त्यानंतर. तुकाराम महाराजांनीही खर्चाच्या उपदेशाआधी कमाईची अट घातली, आणि ते स्वतः वाण्याच्या धंद्यात होते. धंदा म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाचं ते मत आहे, म्हणून त्याला वजन जास्त.

आता बिडीच्या कारखान्यात कमाई कशी होत होती ते पाहू. भिजवलेलं पान फर्म्यावर ठेवून कैचीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीस बिड्यांचा कट्टा. हजाराचा हिशेब पुरा व्हायला पट्टीच्या हातालाही सारा दिवस लागतो. संध्याकाळी माल तपासला जातो आणि न जमलेल्या बिड्या बाजूला काढल्या जातात. त्यांना छाट म्हणतात. छाटीचे पैसे वळणाऱ्याला मिळत नसत, पण छाट मालकाकडेच राही, असा अनुभव या धंद्यात सर्वदूर होता. गावोगावी सट्टेदार असे. तो कारखान्यातून पान-तंबाखू उचले, घरोघर वाटे आणि बिड्या गोळा करून आणी. पान कमी भरलं तर तूट वळणारीच्या अंगावर. घरी बसून काम करणाऱ्या बाईचं नाव मालकाच्या रजिस्टरात कुठेच नसे.

यात एक गंमत आहे, कडवट म्हणावी अशी. नागपूर-भंडाऱ्याकडच्या बिडी कामगारांत महार मोठ्या संख्येने होते. ज्या हातचं पाणी चालत नसे त्या हाताने वळलेली बिडी मात्र सगळ्या जातींच्या ओठांना चालत होती. अस्पृश्यता शास्त्राने ठरवली की सोयीने, यावरच्या वादात हा पुरावा फारसा कुणी मांडलेला दिसत नाही.

ही विसंगती जगण्यातून ओळखणारा माणूस कामठीचा होता. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे, ‘जय भीम’ या अभिवादनाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते. १९०४ चा जन्म, १९३९ मध्ये मृत्यू, पुरी छत्तीशीही नाही. बिडी मजुरांची त्यांनी संघटना बांधली आणि सट्टेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिडी काढण्याचा प्रयोग केला. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळात गेले. मंदिरप्रवेशाची चर्चा देशभर गाजत असताना हा तरुण कट्ट्यांचा हिशेब मांडत होता. सुधारणेचा हा धागा मराठी लेखनात जरा दुर्लक्षितच राहिला. आपल्याला सुधारक म्हटलं की पुण्याचे वाडे आठवतात.

त्याच सुमारास डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा वेगळ्या ठिकाणी उचलला होता. १९३२ मध्ये, पुणे करारानंतर गांधीजींच्या प्रेरणेने अस्पृश्यतानिवारणाची संस्था निघाली, घनश्यामदास बिर्ला तिचे अध्यक्ष. आंबेडकरांनी संस्थेचे सचिव ठक्करबाप्पा यांना पत्र लिहून सुचवलं की शाळा-शिष्यवृत्त्यांनी एकेका माणसाला वर काढण्यापेक्षा नागरी हक्कांसाठी आणि रोजगारातल्या समान संधीसाठी झगडा. संस्था त्या वाटेने गेली नाही. गांधीजींचा विश्वस्ताचा सिद्धांत, म्हणजे धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी ही कल्पना, आंबेडकरांनी पुढे सरळ धुडकावली. गांधीजींच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. मालकाच्या विवेकाला हात घालायचा नसेल तर उरतो फक्त पोलीस आणि कोर्ट, आणि कोर्टाची पायरी बिडीवालीला परवडत नाही. पण विवेक जागा होईपर्यंत हजारामागचा दर कोण ठरवणार, या प्रश्नाला विश्वस्त-सिद्धांताकडे उत्तर नव्हतं. आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये नेमलेल्या रेगे समितीने बिडी उद्योगाची स्वतंत्र पाहणी केली. किमान वेतनाचं विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडलं. १९४८ मध्ये कायदा झाला तेव्हा त्याच्या परिशिष्टात बिडीचं नाव होतं.

मग देश प्रजासत्ताक झाला, आणि बिडीने नव्या संविधानाला पहिल्याच वर्षी कोर्टात उभं केलं. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारचा १९४८ चा एक कायदा होता. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी वळायला बंदी, म्हणजे मजूर शेतावर जातील आणि धान्य वाढेल. सागर जिल्ह्यातला एक कारखानदार आणि एक कामगार दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बंदी रद्द केली. व्यवसायस्वातंत्र्यावरचं हे बंधन अवाजवी आहे, कारण शेतात राबू न शकणाऱ्या अपंगांना, म्हाताऱ्या बायांना आणि मुलांनाही ते लागू होतं, असं न्यायालयाने म्हटलं. स्वातंत्र्याच्या बाजूने दिलेला हा निकाल वाचताना ‘मुलं’ या शब्दापाशी आजचा वाचक अडखळतो. मुलांना बिडी वळण्याचं स्वातंत्र्य हवं, हा युक्तिवाद देशाच्या पहिल्या वर्षात कुणाला विचित्र वाटला नाही.

पुढचा प्रश्न जास्त खोल होता. वळणारा हा कामगार आहे का? मालकांचं म्हणणं असं, की तो हवं तेव्हा येतो, हवं तेव्हा जातो, आम्ही त्याला नगावर पैसे देतो, मग तो आमचा नोकर कसा? नागपूरच्या एका कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आहे. माल नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, हेच नियंत्रण. १९६१ मध्ये दुसऱ्या एका बिडी खटल्यात बहुमताने उलट निकाल लागला. येण्याजाण्याचं बंधन नाही, म्हणून कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं. त्या मोकळेपणाची किंमत काय होती, हे बिडी वळणारीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. जो उपाशी आहे तो केव्हाही येऊ शकतो आणि केव्हाही जाऊ शकतो.

अखेर १९६६ मध्ये बिडी-सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने घरात बसून वळणाऱ्यांनाही कामगार मानलं, आणि नियमांनी छाटीवर मर्यादा घातली. कारखानदार पुन्हा कोर्टात गेले आणि १९७४ मध्ये हरले. १९७६ मध्ये कल्याण निधी आला, १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधी. घरकाम करणाऱ्यांना तो लागू होतो की नाही यावरही भांडण झालं, ते १९८५ मध्ये मिटलं. एका बाईला ‘ही कामगार आहे’ असं म्हणायला प्रजासत्ताकाला पस्तीस वर्षं लागली. आणि कायद्याचा फास आवळत गेला तसा धंदा स्वस्त मजुरीच्या राज्यांकडे, मुख्यतः बंगालच्या बाजूला, सरकला. हक्क मिळाला तेव्हा काम पातळ झालं होतं. कायद्याच्या समर्थकांना हे टोचतं, टोचायलाही हवं.

ही गोष्ट एकट्या गोंदियाची नाही. अँड्र्यू कार्नेगी स्वतः स्कॉटलंडमधून आलेल्या विणकराचा पोर. १८८९ मध्ये त्याने धनिकांच्या कर्तव्यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातला मुद्दा चक्रावून टाकणारा आहे. पैसा थोडा थोडा करून मजुरांच्या हाती गेला तर उधळला जाईल, म्हणून तो एका शहाण्या हातात साठावा आणि तिथून ग्रंथालयांच्या रूपाने परत यावा. तीन वर्षांनी त्याच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरीवरून संप झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. १८९४ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज पुलमनने मजुरांची रोजी कापली, पण त्यांच्यासाठी बांधलेल्या टुमदार गावातली घरभाडी कमी केली नाहीत. शिकागोतल्या स्थलांतरितांमध्ये काम करणाऱ्या जेन ॲडम्सने त्यावर एक निबंध लिहिला आणि पुलमनची तुलना शेक्सपिअरच्या लिअर राजाशी केली. सगळं दिल्यावर मुलीने कृतज्ञ राहावं एवढीच अपेक्षा असलेला आणि तिचं वेगळं मन न ओळखणारा बाप. आपल्या शेठांविषयी इतकं नेमकं मराठीत कुणी लिहिलेलं आठवत नाही. आपण एक तर अभिनंदनाचे अंक काढले, नाही तर शोषकांना शिव्या घातल्या.

मे १९५४ मध्ये आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया भंडाऱ्यात. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. पराभवानंतर अडीच वर्षांनी नागपुरात धम्मदीक्षा झाली. बिडी वळणाऱ्या हजारो घरांनी बुद्धाला शरण जाताना एक अवघड गोष्टही पत्करली. अष्टांगिक मार्गातली सम्यक आजीविका.

बुद्धाने उपासकासाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले. शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. तंबाखूचं नाव नाही, कारण ती भारतात पोर्तुगिजांबरोबर दोन हजार वर्षांनी आली. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत दारूचा निषेध आहे, बिडीचा नाही. पण कर्करोग, दमा, वळणाऱ्यांच्या छातीत साठणारी तंबाखूची धूळ हे सगळं जाणल्यावर बिडी विषात मोडत नाही असं म्हणणं कठीण. मग सत्तर वर्षं बिडी वळून मुलांना शिकवणारी उपासिका अधर्माने जगली का? वर्ज्य यादी व्यापाराची आहे, मजुरीची नाही, हा भेद निव्वळ पळवाट नव्हे. व्यापाऱ्याला काय विकायचं हे निवडता येतं. हजारावर मजुरी घेणारीला निवडायला फारसं काही नसतं. आजीविकेचा दोष निवडीच्या प्रमाणात वाटला, तर तिच्या वाट्याला फार थोडा येतो. त्याच मापाने, धंदा निवडू शकणाऱ्याच्या वाट्याला तो जास्त येतो, आणि दानाने तो फिटतो असं मुंगसाच्या कथेत तरी कुठे दिसत नाही.

माप आता तिसऱ्याच ठिकाणी लागू होऊ पाहतंय. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार महाराष्ट्र सरकारने आपल्या ताब्यात घेतला. तोडणाऱ्यांना मजुरी मिळे, पानाचा मालक सरकार. नफ्यातला हिस्सा पुढे ‘बोनस’ म्हणून वाटला जाऊ लागला, जणू तीही मेहेरबानीच. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूसह गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी मानली, आणि गेल्या दशकभरात जिल्ह्यातल्या काही ग्रामसभा आपलं पान स्वतः विकू लागल्या. उन्हाळ्यात पहाटे गोंड, हलबा, बौद्ध, कुणबी बाया जंगलात शिरतात, दुपारी पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. पुड्याचा दर आता गावाच्या बैठकीत निघतो.

वादही आता त्याच बैठकीत होतो. आलेल्या रकमेतली किती तोडणाऱ्यांच्या हाती द्यायची आणि किती गावाच्या कोषात ठेवायची. कोषातल्या पैशातून शाळेची भिंत व्हावी, देवळाचा सभामंडप व्हावा, की विहार. ज्या घरातली माणसं तोडायला गेलीच नाहीत त्यांचाही कोषावर सारखा हक्क आहे का. गावाच्या हिताचं म्हणून तोडणारीचा दर कमी ठेवणारी ग्रामसभा कार्नेगीच्या किती जवळ जाते, हे तिथे कुणी म्हणत नाही, पण भांडण नेमकं त्यावरच असतं. समोरचा खरेदीदार अजून बिडीचाच व्यापारी आहे. बोली कमी आली तर पान रोखून धरायला मुदत फार नाही. मे सरता सरता ते वाळवून पोत्यात भरून गोदामात गेलं नाही आणि वळवाच्या सरी त्यावर पडल्या, तर ते बिडीच्या कामाचं राहत नाही.